शेवटच्या भागावर मत

वडील: मान्य, मान्य. पण मला एक सांग. या कादंबरीत देवाने एका दुपारी निम्मं जग उचलून वर स्वर्गात नेलं, तर दुसऱ्या बाजूने खाली काय आलं?

मुलगी: काही यायला कशाला हवं? चमत्कार आहे तो, बाबा. स्टूल नीट धरा, पडदा सुटेल माझ्या हातातून.

वडील: धरलंय. चमत्कार असला म्हणून काय झालं? जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या मी. डबा वर निघाला की मागच्या बाजूने वजन, म्हणजे प्रतिवजन, खाली येतं, तेव्हा कुठे मोटर निभावते. इथे कोट्यवधी माणसं वर चाललीत आणि खाली काहीच नाही! लेखकाने एक ओळ तरी टाकायची.

मुलगी: हे तुम्ही पहिल्या भागापासून म्हणताय. आता शेवटचा हातात आहे.

वडील: म्हणूनच आशा आहे. शेवटी तरी खुलासा करेल.

मुलगी: एका हातात पुस्तक आणि एका हातात स्टूल, असं धरलंय ना तुम्ही?

वडील: पायानेही धरलंय.

मुलगी: बाबा!

वडील: अगं, रेडिओवाला डोंगरावर एकटा बसलाय, बॅटरी संपत आलीय आणि खालून दातवाल्याची माणसं चढतायत. अशा वेळी पुस्तक खाली ठेवायचं म्हणजे दगडाचं काळीज हवं.

मुलगी: दातवाला अजून आहे? मागच्या भागात बुडाला ना समुद्रात?

वडील: तो कसला बुडतोय! जगाचा अध्यक्ष, त्यात सैतानाचा खास माणूस. पहिल्याच पानावर पाण्यातून वर आला. केससुद्धा कोरडे.

मुलगी: आणि दात चमकले.

वडील: चमकले! तुला कसं कळलं?

मुलगी: प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर चमकतात. दिवसभर छापखान्यात बसून लोकांच्या चुका काढते मी, एवढं ध्यानात राहतं. आणि ते भाषांतर! 'तिने आपले डोळे त्याच्यावर ठेवले.' कसे ठेवले? काढून?

वडील: मास्तरीणबाई, तू गोष्ट वाचत नाहीस. तू चुका वाचतेस.

मुलगी: गोष्ट असली तर वाचीन ना.

वडील: मग प्रत्येक भाग माझ्या उशाखालून पळवतेस कशाला?

मुलगी: तुमच्याशी भांडता यावं म्हणून. न वाचता भांडणं मला जमत नाही. हं, झाला पडदा. सरळ आहे का?

वडील: डावीकडे थोडा उतरलाय. राहू दे, छान दिसतोय. पहिला भाग मी तुला फोनवर सांगितला तेव्हा तू काय म्हणाली होतीस, आठवतं?

मुलगी: नाही.

वडील: 'बाबा, इतका बिनडोकपणा मी आयुष्यात ऐकला नव्हता.' लग्न मोडून त्या खोलीवर राहायला गेलीस, तेव्हापासून 'हं' आणि 'ठीक' याशिवाय शब्द नव्हता तुझ्या तोंडात. ते पहिलं पूर्ण वाक्य. फोन ठेवला आणि मी तसाच समोरच्या मेट्रनबाईंकडे गेलो सांगायला.

मुलगी: काय सांगितलंत?

वडील: की पोरीला पुस्तक अजिबात आवडलेलं नाही.

मुलगी: त्यात एवढं आनंदाचं काय होतं?

वडील: ते तुला नाही कळायचं. दार वाजतंय बघ.

मेट्रन: दार उघडंच आहे, आले मी. अगंबाई, पडदे बदलले वाटतं? डावीकडे उतरलाय.

मुलगी: बसा मावशी. एवढी धाप का लागलीय?

मेट्रन: जिन्याने आले. तुझ्या बाबांच्या लाडकीवर माझा राग आहे. सकाळी मला मधल्या मजल्यावर अर्धा तास लटकवलं तिने.

वडील: अर्धा तास कुठला? चहा निवायच्या आत काढलं तुम्हाला.

मेट्रन: आणि तेवढ्यात माझ्या नणंदेबद्दल सगळं काढून घेतलंत माझ्याकडून! इतकी वर्षं मी कुणापुढे बोलले नव्हते ते. मी आत कोंडलेली, हे वर चाक फिरवतायत आणि ओरडून विचारतायत, 'मग नणंद काय म्हणाली?' सगळा जिना ऐकत होता.

वडील: नियमच आहे तो. आत अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं. गप्प राहिला की तो भिंती बघायला लागतो, आणि भिंती बघायला लागला की त्या जवळ येतात. काय बोलतो याला महत्त्व नाही. एका साहेबाला मी त्याच्या सासूवर बोलतं ठेवलं होतं. बाहेर आला तरी थांबेना.

मुलगी: मग तुम्ही गप्प केव्हा बसता?

वडील: आतला माणूस स्वतःच्या तोंडाने 'बाहेर आलो' म्हणाला की. आपण म्हणून उपयोग नाही. कित्येक जण पाय जमिनीवर टेकले तरी आतच असतात. मेट्रनबाई तशा हुशार. दार उघडताच म्हणाल्या, 'आले बाहेर, आता ही भंगारात घाला.'

मेट्रन: घालाच. बरं, मी कशाला आले ते राहिलंच. वाचून झालं का?

वडील: थोडी पानं उरलीत.

मेट्रन: गेल्या आठवड्यातही थोडीच उरली होती.

वडील: शेवट आहे. पुरवून वाचतोय.

मेट्रन: उद्या चर्चमध्ये उपासना झाली की हॉलमध्ये मत द्यायचं आणि पुस्तक माझ्या हातात. वाचकमंडळाचा नियम तुमचाच आहे. मत दिल्याशिवाय पुस्तक पुढे सरकत नाही. नुसतं 'छान होतं' चालत नाही.

मुलगी: मागच्या भागावर तुम्ही काय मत दिलं होतं, मावशी?

मेट्रन: मी? मी विचारलं, रेडिओवाल्याला गोळी सहाव्या भागात डाव्या पायाला लागली, तर सातव्यात तो उजव्या पायाने का लंगडतो? जगबुडी येऊ दे, आकाश फाटू दे, पण पाय एकदा ठरवा म्हणावं. आणि ती नायिका! म्हणे डॉक्टर. पेशंट समोर तडफडतोय आणि ही खिडकीशी उभी राहून रडते. माझ्या वॉर्डात असती ना...

वडील: रडूबाईला काही बोलायचं नाही. या भागात ती सुधारलीय. सतराव्या पानापर्यंत रडली नाही.

मेट्रन: पुढचं सांगू नका! कानावर हात ठेवते मी. चालले. उद्या उपासनेनंतर, लक्षात ठेवा. काय हो, खूण म्हणून हे काय घातलंय पुस्तकात?

वडील: 'लिफ्ट बंद आहे' ची पाटी. दारावर अडकवायची ती. जुनी झाली, कोपरा फाटला. टाकायला जीव होईना.

मेट्रन: तरीच माणसं बिनधास्त आत शिरतात आणि लटकतात! ही पाटी दारावर हवी, ती जगबुडीत घालून बसलेत. येते रे बाबा मी.

मुलगी: मीही निघते. उद्या दुपारी फोन करते. औषध घ्या, पुस्तकाच्या नादात विसरू नका.

वडील: जिन्याने जाणार की माझ्या लाडकीने?

मुलगी: लाडकीने. तुम्ही आहात ना वर.

वडील: खाली पोचलीस की आवाज दे. दर वेळी मी जिन्यात उभा राहून 'पोचलीस का' ओरडतो आणि तू नुसतं दार आपटून निघून जातेस.

मुलगी: दार आपटलं म्हणजे पोचले. सगळी बिल्डिंग ऐकत असते, बाबा. मी काय आता लहान आहे?

वडील: तसं नाही, पण एकदा आवाज दिलास तर काय झिजणार आहे? बरं, जा. आणि ऐक, शेवटी रेडिओवाल्याला उत्तर मिळेल का गं?

मुलगी: मिळेल. असल्या पुस्तकांत मिळतंच. म्हणून तर ती असली पुस्तकं.

(काही आठवड्यांनंतरची एक सकाळ. त्याच लिफ्टमध्ये तिघं: मेट्रन, मुलगी आणि चर्चचे पाळक, तेही वाचकमंडळातले.)

पाळक: थांबली वाटतं.

मेट्रन: वाटतं काय? थांबलीच. मी म्हणत होते जिन्याने जाऊ. पण तुम्हाला गुडघ्यांची काळजी.

पाळक: माझ्या गुडघ्यांना दोष देऊ नका, सिस्टर. माझ्या वजनाला द्या. बटण दाबा परत.

मेट्रन: दाबलं. ही ढिम्म. ते गेल्यापासून असंच करते ही. त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकायची सवयच नाही हिला. अहो वर कोण आहे का? मेकॅनिक! आज तो नवा मेकॅनिक येणार होता ना, मशीनच्या खोलीत?

मेकॅनिक: आहे.

मेट्रन: आम्ही आत अडकलोय!

मेकॅनिक: हो.

मेट्रन: हो काय? किती वेळ लागेल?

मेकॅनिक: बघतो.

पाळक: वरून आवाज आला की मी सावध होतो, धंद्याची सवय. पण इतका तुटक आवाज पहिल्यांदाच ऐकला.

मेट्रन: बाळा, तू ठीक आहेस ना? घामेजलीस.

मुलगी: ठीक आहे.

मेट्रन: बाबांचं घर आवरायचं म्हणजे सोपं नाही. मी म्हटलं होतं, मला हाक मार.

मुलगी: हं.

मेट्रन: पिशवीत काय एवढं घट्ट धरलंयस?

मुलगी: तुमचंच आहे. शेवटचा भाग. हॉलमध्ये गेल्यावर देणार होते. आता इथेच घ्या.

मेट्रन: आणि मत?

मुलगी: मत नाही. मी वाचलेलं नाही, आणि बाबांचं... त्यांची खूण अजून तिथेच आहे. मी उघडलंच नाही. तसंच घेऊन जा, मावशी.

मेट्रन: तसं नाही घेता येत मला.

मुलगी: मावशी, प्लीज.

मेट्रन: हे बघ, ते गेले त्या सकाळी चहाला हाक मारायला मीच गेले होते. खुर्चीत बसलेले, चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर. मी नर्स आहे, मला दारातूनच कळलं. तरीही आधी काय केलं असेल मी, सांग? पान हरवू नये म्हणून खूण घातली आणि पुस्तक मिटून ठेवलं. तेव्हाच ते उचलून घरी नेता आलं असतं मला. नेलं नाही, कारण मत झालं नव्हतं.

पाळक: सिस्टर, पोरीवर जोर करू नका.

मेट्रन: जोर नाही करत. या मंडळात एकच तर नियम आहे, आणि तो त्यांचा आहे.

मुलगी: मग पुस्तक माझ्याकडेच राहील.

पाळक: राहिलं तर राहिलं. मी तरी कधी त्याच्या बाजूने होतो? व्यासपीठावरून सांगितलंय मी, असली पुस्तकं वाचून जगाच्या शेवटाची वेळ ठरवत बसू नका. तो दिवस म्हणजे काय गाडीचं वेळापत्रक आहे?

मेट्रन: आणि मग?

पाळक: मग काय?

मेट्रन: मग काय झालं ते सांगा की तिला.

पाळक: त्याच आठवड्यात सात जणांनी माझ्याकडे पहिला भाग मागितला.

मेट्रन: आणि तुमच्याकडे तो होता.

पाळक: ...होता. संदर्भासाठी.

मेट्रन: स्तोत्रांच्या वहीखाली.

पाळक: सिस्टर, लिफ्ट अडकलीय म्हणून माझी सगळी बिंगं फोडायची असं नाही. हो, वाचतो मी. दातवाला आला की माझ्या अंगावर काटा येतो. आता झालं समाधान?

मुलगी: पाळकसाहेब, तुमची पाळी शेवटची ना? मग तुम्ही दर वेळी रविवारी आधीच सगळं कसं जाणून असायचात?

मेट्रन: माझ्याकडून न्यायचे. शनिवारी, चादरीत गुंडाळून. आता मी बोलणार नाही म्हटलं तरी बोलले.

मुलगी: म्हणजे मंडळात नियम पाळणारे एकटे बाबाच.

पाळक: तोही कुठे पाळायचा? त्याचा भाग तू पळवायचीस, हे काय लपून होतं? उशाशी मुद्दाम ठेवायचा. म्हणायचा, आज टोक बाहेर काढून ठेवलंय, आता बघू नेते का.

मुलगी: मुद्दाम?

मेट्रन: पाळकसाहेब.

पाळक: काय? मी काय बोललो?

मेट्रन: काही नाही. अहो मेकॅनिक! काय चाललंय वर?

मेकॅनिक: बघतोय.

मेट्रन: जरा बोलत राहा हो आमच्याशी!

मेकॅनिक: काय बोलू?

मेट्रन: तेही आम्हीच सांगायचं? घर, बायको, पोरं, काहीही!

मेकॅनिक: आहेत.

पाळक: देव याच्या बायकोचं भलं करो.

मुलगी: हसवू नका, पाळकसाहेब. बाबा मुद्दाम ठेवायचे म्हणजे काय?

पाळक: मला वाटलं तुला माहीत आहे.

मुलगी: काय माहीत आहे?

पाळक: सिस्टर, तुम्ही सांगा.

मेट्रन: आता माझ्यावर ढकलू नका. तोंड तुमचं सुटलं, तुम्हीच सांगा.

पाळक: सांगतो. हे बघ मुली, तुझ्या बाबाला ती मालिका तिसऱ्या भागापासून आवडत नव्हती.

मुलगी: शक्यच नाही. रोज संध्याकाळी फोन करून सांगायचे मला. कालचं प्रकरण, आजचं प्रकरण. रेडिओवाल्याच्या बॅटरीची चिंता माझ्या तब्येतीपेक्षा जास्त होती त्यांना.

पाळक: मला एकदा म्हणाला, पाळक, हा दातवाला अजून एकदा जरी पाण्यातून वर आला ना, तर मीच उडी मारीन. मी म्हटलं, मग सोडून दे की. दुसरं काही वाच. तर म्हणाला, कसं सोडू? पोरगी अडकलीय.

मुलगी: अडकलीय म्हणाले?

पाळक: म्हणाला, गप्प आहे, भिंती बघतेय. दुसऱ्या कशावर बोलत नाही. हवापाण्यावर नाही, जेवणावर नाही, लग्नावर तर नाहीच. पण या पुस्तकावर तुटून पडते. जितकं वाईट पुस्तक, तितकी जास्त बोलते. एखादं चांगलं पुस्तक दिलं तर 'छान आहे' म्हणून मिटून ठेवील. म्हणून हेच बरं.

मेट्रन: मला विचारायचे, पुढच्या भागात पायाची चूक असेल ना हो? आणि सापडली की खूश. म्हणायचे, हिला आता आठवडाभर पुरेल.

मुलगी: पण ती किती वर्षांपूर्वीची गोष्ट, मावशी. मी सावरले. काम करते, हिंडते, सगळं नीट चाललंय. मग तरीही रोज फोन करत होते ते, अगदी शेवटपर्यंत.

पाळक: मीही तेच म्हटलं त्याला. म्हटलं, आता तर छान आहे ती, थांबव. तर म्हणाला, अजून म्हणाली नाही.

मुलगी: काय म्हणाली नाही?

मेट्रन: तेच गं. अडकलेल्या माणसाचा त्यांचा नियम.

मुलगी: आणि मी दर वेळी दार आपटून निघून जायचे.

मेट्रन: रड, बाळा. काही हरकत नाही. इथे खिडकी नाही, नाहीतर रडूबाईसारखी उभी राहिली असतीस.

मुलगी: मावशी, तुम्ही ना...

मेट्रन: हसली! बघा, हसली. नाक पूस. घे माझा रुमाल, धुतलेला आहे.

मुलगी: मला वाटायचं, मी त्यांचं मन राखतेय. म्हातारा माणूस, एकटा आहे, ऐकून घ्यावं संध्याकाळी थोडा वेळ. आणि ते मला... दोघं मिळून एका भिकार मालिकेचे सगळे भाग वाचले आम्ही.

पाळक: भिकार म्हणू नकोस. पाचवा भाग बरा होता.

मेट्रन: पाचव्यात चपलांचा प्रसंग आहे. माणसं वर जातात, चपला खाली राहतात. तुझ्या बाबांचं मत काय होतं त्यावर, माहितीये? म्हणाले, वर फरशी नवीन असेल.

मुलगी: मला म्हणाले होते, वजन कमी करायला ठेवल्या असतील. प्रतिवजन नाही ना.

पाळक: मला सांगितलं, तुमच्या चपला एवढ्या झिजलेल्या आहेत की त्यांना खालीही कोणी घेणार नाही.

मुलगी: थोडी पानं उरलीत. वाचू का?

मेट्रन: इथे?

मुलगी: उजेड कमी आहे, पण दिसतंय. तिघांनी एकदम ऐकलं तर पाळीचा प्रश्न नाही. आणि मेकॅनिक काही बोलणार नाही, म्हणजे कोणीतरी बोललं पाहिजे.

पाळक: वाच, वाच. मी डोळे मिटून ऐकतो. झोपलो तर प्रवचनाचा सराव समजा.

मुलगी: ही खूण धरा, मावशी. जपून, कोपरा फाटलाय. ऐका. 'डोंगराच्या माथ्यावर रेडिओवाल्याने आपला श्वास खाली ठेवला.'

मेट्रन: कुठे ठेवला?

मुलगी: विचारू नका. 'खालची शहरे आता नव्हती. अध्यक्षांचे दात शेवटचे चमकले आणि विझले.'

पाळक: गेला! गेला एकदाचा!

मुलगी: 'त्याच्याकडे एका हाकेपुरती बॅटरी होती. ज्यांना तो ओळखत होता ती सर्व माणसे वर गेली होती किंवा मेली होती. त्याला कोणी विचारले असते की आता हाक कोणाला मारणार, तर त्याला सांगता आले नसते. त्याने बटण दाबले. कोणी आहे का? तो म्हणाला.'

मेट्रन: मग?

मुलगी: पुढे फक्त खरखर आहे. अर्धं पान खरखर. आणि मग, 'खरखरीतून एक स्त्री म्हणाली, आहे. तू बोलत राहा.'

पाळक: रडूबाई!

मेट्रन: रडतेय का?

मुलगी: नाही. एवढंच आहे. संपलं.

मेट्रन: संपलं? आणि निम्मं जग वर गेलं त्याचं काय? प्रतिवजनाचं?

मुलगी: एक ओळसुद्धा नाही.

पाळक: बिचारा. शेवटपर्यंत वाट बघत होता त्या ओळीची.

मेट्रन: हललं! हललं ना? खाली चाललीय!

मेकॅनिक: घाबरू नका.

मेट्रन: आता बोलतो! सगळं झाल्यावर!

पाळक: हळू, हळू. आली. तळमजला. दार जोराने ओढा, सिस्टर, ते अडतं. हां. आधी तुम्ही.

मेट्रन: आले बाहेर. पाळकसाहेब, पाय उचला, उंबरा उंच राहिलाय.

पाळक: आलो बाहेर. अगदी नव्याने जन्मल्यासारखं वाटतंय, पण हे हॉलमध्ये कोणाला सांगू नका. ये मुली, हात दे.

मुलगी: थांबा. मावशी, आधी हे घ्या.

मेट्रन: मत?

मुलगी: देते. भाषांतर भिकार आहे. पाय चुकलेत, चपलांचा खुलासा नाही, आणि खलनायकाला दंतवैद्यापलीकडे काही स्वभाव नाही. आणि मी प्रत्येक भाग दोनदा वाचलाय. एकदा भांडायला, एकदा तशीच. रात्री रेडिओवाला काय करत असेल याचा विचार करत झोपायचे मी. मला आवडली ही मालिका. फार आवडली.

पाळक: आणि हे त्याला...?

मुलगी: कधीच म्हटलं नाही.

मेट्रन: दे इकडे. मंडळातर्फे मत मान्य आहे. नुसतं 'छान होतं' पेक्षा बरंच जास्त आहे. ही पाटी परत ठेवू का आत?

मुलगी: नको. ती दारावर अडकवा. तिची जागा ती.

मेट्रन: 'लिफ्ट बंद आहे.' हं, अडकवली. डावीकडे उतरलीय.

मुलगी: राहू दे. छान दिसतेय.

पाळक: चला, हॉलमध्ये मंडळी ताटकळत असतील. अगं, तू अजून आतच का उभी?

मेकॅनिक: खाली आवाज येतोय का? सगळे पोचले का?

मेट्रन: मेलं याला आत्ता कंठ फुटला! हो, पोचलो म्हणावं.

मुलगी: थांबा मावशी, मी सांगते. पाळकसाहेब, हात द्या. पोचले, बाबा! ऐकू येतंय ना? आले मी बाहेर.